धाकट्या प्लिनीची बारा पदे: एका रोमन सिनेटरचा कोरीव लेख खालून वर वाचताना

आपण विचारलेल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. रोमन सिनेटरची राजकीय कारकीर्द नेमकी कशी घडत असे, हा पहिला. उत्तर इटलीतील कोमो येथील प्रसिद्ध लेखात धाकट्या प्लिनीच्या, म्हणजे इ. स. १०० च्या सुमारास होऊन गेलेल्या आणि पत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रोमन सिनेटरच्या, नावापुढे बारा पदे ओळीने येतात, ती सगळी त्याच्याकडे एकाच वेळी होती का, हा दुसरा. आणि सम्राट डोमिशियनच्या जुलमी राजवटीत आपण पुढे जाण्याचे थांबलो, असे जे प्लिनी स्वतः सांगतो ते खरे मानावे का, हा तिसरा. प्राचीन इतिहास शिकवण्यात आणि कोरीव लेख वाचण्यात माझी तीसेक वर्षे गेली आहेत. माझ्या मते या तिन्ही भागांचे उत्तर त्या एकाच दगडावर आहे, मात्र तो दगड शेजारी प्लिनीची पत्रे उघडी ठेवून वाचायला हवा. पत्रे सांगतात ती काही गोष्ट दगड सांगत नाही आणि दगड सांगतो ती एक गोष्ट पत्रांनी पद्धतशीरपणे गाळली आहे.

आधी एक घोटाळा दूर करतो. आपल्याकडे भारत-रोम व्यापाराच्या धड्यात जो प्लिनी भेटतो, भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो अशी तक्रार करणारा, तो हा नव्हे. तो थोरला प्लिनी, म्हणजे याचा सख्खा मामा. मिसेनम येथील आरमाराचा तो प्रमुख होता आणि इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. मृत्युपत्राने त्याने भाच्याला दत्तक घेतले, तेव्हा भाचा सतरा वर्षांचा होता. दत्तक जाण्याची खूण दगडावरही दिसते आणि तिथे आपल्या सवयीचा वाचक अडखळतो. नाव आहे गायस प्लिनियस कैकिलियस सेकुंडस, म्हणजे आडनाव मामाचे आले, पण मध्ये 'ल्यूकियसचा मुलगा' असे कोरले आहे, आणि ल्यूकियस हा जन्मदाता बाप. दत्तक गेल्यावर बापाचे नावही बदलते अशी आपली समजूत असते. मृत्युपत्राने झालेल्या रोमन दत्तकविधानात मात्र नाव आणि मालमत्ता आली तरी जन्माचा बाप पुसला जात नसे.

आता दगडाकडे वळू. हा लेख कोमुम, म्हणजे आजच्या कोमो, या प्लिनीच्या जन्मगावी होता. मध्ययुगात त्याच्या शिळा मिलानला नेऊन संत अँब्रोजच्या चर्चमध्ये एका थडग्यासाठी वापरल्या गेल्या. आज त्यांपैकी एक तुकडाच शिल्लक आहे, आणि बाकीचा मजकूर जुन्या अभ्यासकांनी करून ठेवलेल्या नकलांमुळे आपल्या हाती आला. मजकुराचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्यात पदे आहेत आणि दुसऱ्यात त्याने गावाला दिलेल्या देणग्या. पदांची यादी अशी आहे: कॉन्सल (रोमचे सर्वोच्च शासकीय पद), ऑगर (शकुन पाहणारा पुरोहित), पोंटस-बिथिनिया प्रांताचा, कॉन्सलच्या अधिकारासह पाठवलेला, सम्राटाचा प्रतिनिधी, टायबर नदीचे पात्र, तिचे काठ आणि शहरातील गटारे यांचा अधीक्षक, सॅटर्नच्या खजिन्याचा (राज्याच्या मुख्य खजिन्याचा) प्रमुख, लष्करी खजिन्याचा प्रमुख, प्रिटर (न्यायदानाचा वरिष्ठ अधिकारी), सामान्य जनतेचा ट्रिब्यून, सम्राटाचा क्वेस्टर (क्वेस्टर म्हणजे मुख्यतः हिशेब-खजिन्याचा कनिष्ठ अधिकारी), रोमन अश्वारोह्यांच्या तुकडीचा नायक, तिसऱ्या गॅलिका लिजनचा (रोमन सैन्यदलाचा) लष्करी ट्रिब्यून, आणि शेवटी दावे चालवणाऱ्या दहा जणांच्या मंडळाचा सदस्य.

वर्गात हा लेख शिकवताना मी फळ्यावर ही यादी लिहीत असे आणि मुलांना ती खालून वर वाचायला सांगत असे. बहुतेकांचा गोंधळ तिथेच संपे, कारण ही यादी उलटी आहे. सगळ्यात कोवळ्या वयातले पद तळाशी आहे आणि जसजसे वर जावे तसतसे वय वाढते. अपवाद फक्त पहिल्या दोन पदांचा. कॉन्सल हे पद आणि ऑगर हे पुरोहितपद मानाने सर्वांत मोठे, म्हणून ती दोन्ही क्रम मोडून नावाला लागून कोरली आहेत. त्यामुळे दुसऱ्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे. बहुतेक पदे एकेका वर्षाची किंवा ठरावीक मुदतीची होती आणि एक सुटल्यावर, बहुधा मधली काही वर्षे रिकामी गेल्यावर, पुढचे मिळे. आयुष्यभर टिकणारे पद त्यात एकच, ऑगरचे.

आणखी एक गैरसमज इथेच निपटतो. सिनेटर हा आपल्या आमदार-खासदारासारखा मतदारसंघाने निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हता. सिनेटची जागा अशी कुणी लढवत नसे. माणूस क्वेस्टर झाला की त्या पदाच्या जोरावर सिनेटमध्ये येई, आणि काही गैर घडले नाही तर मरेपर्यंत तिथेच राही. पद वर्षभराचे आणि सिनेटची जागा जन्माची, हे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप उलगडते. सिनेटमध्ये साधारण सहाशे माणसे बसत, पण तिथे आधी कोणी बोलायचे हे ज्याने त्याने भूषवलेल्या सर्वोच्च पदावर ठरे. माजी कॉन्सलची पाळी आधी येई, मग माजी प्रिटरची. माजी क्वेस्टरपर्यंत पाळी येईस्तोवर सांगण्यासारखे बहुतेक सांगून झालेले असे.

प्लिनीचे घराणे सिनेटरचे नव्हते. तो अश्वारोही वर्गातला, म्हणजे पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही असलेल्या पण राजसत्तेच्या दालनात न बसलेल्या घरातला. त्या वर्गात येण्यासाठी चार लाख सेस्टर्सची मालमत्ता लागे आणि सिनेटरसाठी दहा लाखांची. पैसा असूनही भागत नसे, कारण सिनेटची वाट धरू पाहणाऱ्या अशा तरुणाला अंगरख्यावर जांभळा रुंद पट्टा लावण्याची परवानगी सम्राटाकडून मिळवावी लागे आणि त्यासाठी कुणीतरी वजनदार शब्द टाकावा लागे. याला आपण सरळ वशिला म्हणू. रोमन लोकांना त्यात लाजण्यासारखे काही वाटत नसे आणि ते त्याविषयी उघड लिहीत. प्लिनीच्या मागे उभा असलेला मोठा माणूस म्हणजे त्याचा पालक व्हर्जिनियस रूफस. तो तीनदा कॉन्सल झाला होता आणि सैन्याने देऊ केलेले सम्राटपद त्याने नाकारले होते. प्लिनी लिहितो की आपण एखाद्या पदासाठी उभे राहिलो की हा वृद्ध माणूस, अशा कामांतून केव्हाच निवृत्त झालेला असूनही, आपल्या विश्रांतीच्या जागेतून उठून पाठिंबा द्यायला येत असे. पुढे हेच काम प्लिनीने इतरांसाठी केले. सेक्स्टस एरुकियस नावाच्या तरुणासाठी रुंद पट्टा आणि क्वेस्टरपद आपणच सम्राटाकडून मिळवून दिले, आता तो ट्रिब्यूनपदासाठी उभा आहे आणि पडला तर आपण सम्राटाला फसवले असे दिसेल, अशा धास्तीने लिहिलेले त्याचे पत्र उपलब्ध आहे. उमेदवाराची झोप उडाली होती की नाही हे आपल्याला कळत नाही, शिफारस करणाऱ्याची मात्र नक्की उडाली होती.

यादीच्या तळाशी असलेल्या तीन पदांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. दरवर्षी वीस तरुणांना चार मंडळांत विभागून किरकोळ कामे दिली जात. एक मंडळ टांकसाळीचे, एक रस्त्यांचे, एक शिक्षांच्या अंमलबजावणीचे आणि एक न्यायालयाचे. प्लिनी न्यायालयाच्या मंडळात पडला, आणि वारसाहक्काचे दावे चालवणाऱ्या ज्या 'शंभरांच्या' न्यायालयाचे काम या दहांकडे असे तिथेच त्याने अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापासून वकिली केली होती, त्यामुळे त्याला ही जागा चांगलीच जमली. लष्करी ट्रिब्यून म्हणून तो सीरियाला गेला, पण तिथे त्याने तलवार उपसली नाही. प्रांताच्या अधिपतीने त्याला घोडदळाच्या आणि पायदळाच्या साहाय्यक तुकड्यांचे हिशेब तपासायला बसवले. अनेक ठिकाणी किळसवाणी हाव आणि तितकाच निष्काळजीपणा दिसला, एका अधिकाऱ्याची वही मात्र स्वच्छ निघाली, असे तो पुढे लिहितो. हिशेबाचा हा धागा धरून ठेवावा, कारण त्याची पुढची सगळी कारकीर्द याच धाग्याने विणलेली आहे. अश्वारोह्यांच्या तुकडीचा नायक हे पद मिरवणुकीपुरते होते.

खरी पहिली पायरी क्वेस्टरपदाची. दरवर्षी वीस क्वेस्टर असत आणि वयाची किमान अट पंचवीस वर्षांची होती. त्यानंतरच्या पायरीवर दहा ट्रिब्यून आणि सहा ईडाइल (शहराची व्यवस्था पाहणारे अधिकारी) मिळून सोळा जागा होत्या. उच्चकुलीन पॅट्रिशियन घराण्यांतील मुलांना ही पायरी वगळता येई. पुढे प्लिनीच्या काळात साधारण अठरा प्रिटर. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट चटकन दिसते. वीस, सोळा, अठरा: प्रिटरपदापर्यंत गाळणी जवळजवळ नाहीच. जो क्वेस्टर झाला आणि ज्याने कुणाला दुखावले नाही तो बहुधा प्रिटर होई. पाठ्यपुस्तकांत ही पदे शिडीसारखी काढलेली असतात आणि प्रत्येक पायरीवर चुरस असल्याचा भास होतो. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात, म्हणजे प्रसिद्ध वक्ता व राजकारणी सिसेरो याच्या वेळी, ते खरे होते, कारण तेव्हा वीस क्वेस्टर, आठ प्रिटर आणि अवघे दोन कॉन्सल असत आणि लोकांपुढे मते मागायला उभे राहावे लागे. सम्राटांच्या काळात, इ. स. १४ नंतर, निवडणूक लोकांकडून सिनेटकडे आली. सम्राटाने ज्यांची नावे पुढे केली ते निश्चित निवडून येत आणि उरलेल्या जागांसाठी सिनेटर आपसात मते देत. ती प्रक्रियाही नेहमी गंभीर नसे. आरडाओरडा वाढल्यामुळे गुप्त मतदान सुरू केले, तर काही मतपत्रिकांवर अचकटविचकट मजकूर लिहिलेला निघाला, आणि एका महाभागाने उमेदवारांच्या नावांऐवजी शिफारस करणाऱ्यांची नावे लिहून ठेवली, असे प्लिनी चिडून नोंदवतो.

तेव्हा गाळणी होती ती प्रिटरपदानंतर. कुणाला कोणता खजिना, कोणती लिजन, कोणता प्रांत मिळतो आणि शेवटी कोण कॉन्सल होतो, हे सम्राटाच्या मर्जीवर ठरे. म्हणूनच आपल्या तिसऱ्या प्रश्नाला महत्त्व आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

दगडावर 'सम्राटाचा क्वेस्टर' असे कोरले आहे. कोणत्या सम्राटाचा? नाव नाही. त्याच दगडावर काही ओळी वर सम्राट ट्रेजनचा उल्लेख येतो तेव्हा त्याची सगळी बिरुदे भरगच्च कोरलेली आहेत: सीझर, नर्व्हा, ट्रेजन, ऑगस्टस, जर्मनविजेता, डेशियाविजेता, राष्ट्रपिता. आणि इथे फक्त 'सम्राट'. तो सम्राट डोमिशियन होता. इ. स. ९६ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा खून झाला, सिनेटने त्याची स्मृती पुसण्याचा ठराव केला आणि त्याचे नाव असंख्य दगडांवरून छिन्नीने उडवले गेले. प्लिनीच्या लेखात छिन्नी चालवावी लागली नाही, कारण नाव मुळातच घातलेले नाही. पण पद ठेवले. सम्राटाचे क्वेस्टर वीसांत मोजकेच असत. सम्राटाचा मजकूर सिनेटमध्ये वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे असे, आणि ती निवड विशेष मर्जीची खूण मानली जाई. खूण हवी, खूण करणारा नको, असा हा हिशेब आहे.

पत्रांतही हेच घडते. कॅलेस्ट्रियस टिरो नावाच्या मित्राविषयी प्लिनी लिहितो की आम्ही लष्करात एकत्र होतो आणि सम्राटाचे क्वेस्टरही एकत्रच होतो. ट्रिब्यूनपद त्याला माझ्या आधी मिळाले, कारण त्याला मुले होती आणि कायद्याने अपत्यवान माणसाला वयात सवलत होती. प्रिटरपदाला मात्र मी त्याला गाठले, कारण 'सीझरने' मला एक वर्ष माफ केले. हा सीझर पुन्हा डोमिशियनच. म्हणजे ज्याच्या हाताखाली आपण जीव मुठीत धरून जगलो असे प्लिनी सांगतो, त्याच सम्राटाने त्याच्यासाठी नियम वाकवून त्याला एक वर्ष आधी प्रिटर केले होते.

इथे प्लिनीवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजू नीट मांडली पाहिजे. इ. स. ९३ हे वर्ष भयंकर होते. त्या वर्षी त्याने हेरेनियस सेनेकिओच्या जोडीने बैबियस मास्सा या भ्रष्ट प्रांताधिपतीवर खटला चालवला. लवकरच सेनेकिओ, अरुलेनस रुस्टिकस आणि हेल्विडियस यांना ठार करण्यात आले आणि त्यांच्या घरातील माणसे, त्यांत फानिया आणि आर्रिया या स्त्रियाही होत्या, हद्दपार झाली. तत्त्वज्ञांना रोममधून हाकलले, तेव्हा प्रिटर असलेला प्लिनी शहराबाहेर जाऊन आर्टेमिडोरस या तत्त्वज्ञाला भेटला आणि त्याचे कर्ज फेडायला त्याला पैसे दिले. आजूबाजूला सात मित्रांवर वीज कोसळताना आपण कसेबसे वाचलो, असे तो सांगतो. डोमिशियनच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत आपल्याविरुद्धची एक तक्रार सापडली, असेही त्याचे म्हणणे आहे.

त्या काळात बोलणे किती जोखमीचे होते ते एका प्रसंगावरून कळते. शंभरांच्या न्यायालयात एका दाव्यात प्लिनीने मेटियस मोडेस्टसच्या मताचा आधार घेतला. हा मोडेस्टस तेव्हा डोमिशियनच्या हुकुमाने हद्दपारीत होता. विरुद्ध बाजूला रेग्युलस हा खबऱ्या म्हणून कुप्रसिद्ध असलेला वकील होता. त्याने भर न्यायालयात विचारले, 'मोडेस्टसविषयी आपले काय मत आहे?' चांगले म्हणावे तर जीव धोक्यात आणि वाईट म्हणावे तर अब्रू जाणार. प्लिनी म्हणाला, न्यायालयापुढे तो प्रश्न निकालासाठी आला तर उत्तर देईन. रेग्युलसने पुन्हा विचारले. प्लिनी म्हणाला, साक्षीदारांना आरोपींविषयी विचारण्याची रीत आहे, शिक्षा झालेल्यांविषयी नव्हे. तिसऱ्यांदा तोच प्रश्न मोडेस्टसच्या राजनिष्ठेकडे वळवून आला, आणि प्लिनीने उत्तर दिले की ज्याच्याविषयी निकाल लागून गेला आहे त्याच्याबद्दल विचारणेसुद्धा मला योग्य वाटत नाही. तीनही उत्तरे कोणत्याही बाजूने पकडता येणार नाहीत अशी आहेत. हा हजरजबाबीपणा त्याच्या धैर्याचा पुरावा म्हणून मी धरणार नाही, पण धोका खरा होता याचा धरीन.

मग दगड काय सांगतो? प्रिटरपदानंतर आणि सॅटर्नच्या खजिन्याच्या आधी तिथे एक पद आहे: लष्करी खजिन्याचा प्रमुख. निवृत्त सैनिकांना देण्यात येणाऱ्या रकमांचा हा खजिना, त्यावर माजी प्रिटर नेमले जात आणि मुदत तीन वर्षांची असे. प्लिनीच्या प्रिटरपदाचे वर्ष ९३ की त्यानंतरचे यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मी ९३ धरणाऱ्यांच्या बाजूचा आहे, कारण तत्त्वज्ञांची हकालपट्टी आणि मास्साचा खटला त्यातच नीट बसतात. तसे धरले तर लष्करी खजिन्याची तीन वर्षे ९४ ते ९६ येतात, म्हणजे बरोबर त्या काळात, ज्याविषयी प्लिनी इ. स. १०० मध्ये ट्रेजनसमोर म्हणाला की डोमिशियनने सज्जनांचा द्वेष उघड करीपर्यंत मी पुढे सरकलो आणि त्यानंतर थांबलो. आणि हे पद त्याच्या शेकडो पत्रांत एकदाही येत नाही. सॅटर्नच्या खजिन्याचा उल्लेख येतो, टायबरचा येतो, बिथिनियावर तर एक संपूर्ण भाग आहे. फक्त हे एक पद गायब आहे. ते आपल्याला केवळ दगडामुळे माहीत आहे.

याचा अर्थ प्लिनी खोटारडा होता, असे मी म्हणणार नाही. दरबारात टिकून राहिलेल्या बहुतेक माणसांची हीच गत होती. डोमिशियननंतर सम्राट झालेला नर्व्हा स्वतः डोमिशियनच्या काळात कॉन्सल झाला होता, आणि त्याच्यामागून आलेला ट्रेजनही. सम्राट बदलला तरी खजिना, कालवे, प्रांत आणि न्यायालये चालवणारी माणसे तीच राहिली. बदलली ती त्यांनी मागच्या वर्षांविषयी सांगायची गोष्ट. पत्रे ही प्लिनीने स्वतः निवडून, वेचून प्रसिद्ध केलेली आहेत, त्यामुळे तिथे त्याला गोष्ट हवी तशी सांगता आली. सेवापुस्तिकेत मात्र पद गाळणे परवडत नसे, कारण गाळलेले पद म्हणजे कमी झालेला मान. म्हणून 'थांबलो' हे त्याचे विधान मी त्याच्या भावनेपुरते ग्राह्य धरतो, त्याच्या नोकरीच्या नोंदीपुरते नाही.

इ. स. ९७ मध्ये, नर्व्हाच्या काळात, त्याने हेल्विडियसच्या मृत्यूचा वचपा काढायचे ठरवले आणि सिनेटमध्ये पब्लिकियस सेर्टसवर हल्ला चढवला. एका मित्राने बजावले की तू ज्याच्या वाटेला जातोस तो आज खजिन्याचा प्रमुख आहे आणि उद्या कॉन्सल होणार आहे. सेर्टसवर खटला झाला नाही, पण त्याचे कॉन्सलपद गेले आणि खजिन्यावरची जागाही गेली, आणि प्लिनीने आपले भाषण प्रसिद्ध केल्यावर थोड्याच दिवसांत तो मेला. मरताना त्याला आपण तलवार घेऊन अंगावर येताना दिसत होतो, अशी ऐकीव गोष्ट प्लिनी बऱ्यापैकी समाधानाने सांगतो. सेर्टस ज्या सॅटर्नच्या खजिन्यावर होता, त्याच खजिन्यावर इ. स. ९८ मध्ये कॉर्नूटस टर्टुलसच्या जोडीने कोण आला, तर प्लिनी. योगायोग म्हणावा की बक्षीस, ते मी वाचकांवर सोडतो.

हे पद मोठे असले तरी काम मोठे रटाळ होते. न्यायासनावर बसतो, अर्जांवर शेरे मारतो, हिशेब जुळवतो आणि असंख्य पण साहित्यगुण नसलेली पत्रे लिहितो, अशी तक्रार त्याने एका मित्राजवळ केली आहे. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या कुणालाही हे वाक्य परके वाटणार नाही. याच काळात, जानेवारी १०० मध्ये, आफ्रिकेचा माजी प्रांताधिपती मारियस प्रिस्कस याच्यावर सिनेटमध्ये खटला उभा राहिला आणि प्लिनी व इतिहासकार टॅसिटस वादींचे वकील होते. अध्यक्षस्थानी कॉन्सल म्हणून खुद्द ट्रेजन. बोलण्याची वेळ जलघटिकेने मोजली जाई. प्लिनीला बारा मोठ्या घटिका मिळाल्या, वर चार वाढवून मिळाल्या, आणि तो जवळजवळ पाच तास बोलला. मध्ये ट्रेजनने, मागे उभ्या असलेल्या त्याच्या सेवकाकरवी, घसा आणि छाती सांभाळ असा निरोप वारंवार पाठवला. प्रकृती नाजूक असलेल्या वकिलाला सम्राटाकडून आलेली ही काळजी प्लिनीने अर्थातच लिहून ठेवली. प्रिस्कस दोषी ठरला, लाचेचे सात लाख सेस्टर्स खजिन्यात भरून घेतले गेले आणि त्याला रोम व इटलीतून हद्दपार केले.

त्याच वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्लिनी कॉन्सल झाला, पुन्हा टर्टुलसच्याच जोडीने. फक्त दोन महिने. वर्षाच्या सुरुवातीला जे दोघे येत त्यांच्या नावाने वर्ष ओळखले जाई आणि त्यानंतर जोड्या बदलत राहत. प्लिनी अशा बदली जोडीतला. राज्यकारभाराच्या दृष्टीने दोन महिन्यांत काहीच होत नसे. पण माजी कॉन्सल ही श्रेणी जन्मभराची आणि मोठे प्रांत त्या श्रेणीलाच मिळत. अश्वारोही घरातला मुलगा चाळिशीच्या आत तिथे पोहोचला, ही गोष्ट लहान नव्हती. तीनेक वर्षांनी ऑगरचे पद आले, ज्युलियस फ्रॉन्टिनसच्या मृत्यूने रिकामे झालेले. त्यासाठी त्याने ट्रेजनकडे स्वतः लेखी अर्ज केला होता. अभिनंदनाच्या उत्तरात तो सांगतो की सिसेरोही ऑगर होता, आणि वर पुस्ती जोडतो की कॉन्सल आणि ऑगर ही दोन्ही पदे मला सिसेरोहून लहान वयात मिळाली. ही तुलना त्याच्या मनात कधीपासून होती, हे या एका वाक्यावरून कळते.

मग टायबर. पुराच्या वेळी शहरात घुसणारी नदी, काठावरची अतिक्रमणे, आणि शहराखालची गटारे. माजी कॉन्सलला गटारांचा अधीक्षक करणे आपल्याला विचित्र वाटेल, पण दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरात त्याहून जबाबदारीचे काम दुसरे कोणते असणार?

शेवटचे पद बिथिनियाचे, काळ्या समुद्राच्या दक्षिणेला. एरवी हा प्रांत सिनेटचा, तिथे चिठ्ठ्या टाकून अधिपती जात. ट्रेजनने त्याऐवजी सिनेटच्या ठरावाने, स्वतःचा माणूस म्हणून, प्लिनीला पाठवले, आणि ही वाकडी वाट दगडावर मोठ्या काटेकोरपणे कोरली आहे, कारण ती मानाची होती. तो १७ सप्टेंबरला प्रांतात पोहोचला, वाटेत तापाने आणि उलट्या वाऱ्याने अडकल्यामुळे उशिरा, आणि लगेच प्रूसा शहराचे हिशेब उघडून बसला. सीरियातला तरुण हिशेब तपासनीस तीस वर्षांनी त्याच कामावर आला होता. निकोमिडियाने एका जलवाहिनीवर ३३,१८,००० सेस्टर्स घालवून ती अर्धवट टाकली होती. निकियाचे नाट्यगृह एक कोटीहून अधिक खर्च होऊन पूर्ण होण्याआधीच तडकू लागले होते. निकोमिडियात मोठी आग लागली तेव्हा लोक हात बांधून बघत राहिले आणि शहरात बंब तर नाहीच, साधी बादलीही नव्हती. प्लिनीने दीडशे जणांचे अग्निशामक पथक उभारण्याची परवानगी मागितली. ट्रेजनने नकार दिला. अशी मंडळे कोणत्याही नावाने स्थापन झाली तरी लवकरच त्यांचे राजकीय तट होतात, म्हणून साधने पुरवा आणि घरमालकांनाच आग विझवू द्या, असे त्याचे उत्तर होते. माजी कॉन्सल, ऑगर, दोन खजिने सांभाळलेला माणूस, आणि दीडशे माणसांच्या पथकासाठी सम्राटाची परवानगी. सिनेटरच्या कारकिर्दीची उंची आणि तिचे छप्पर दोन्ही या पत्रव्यवहारात दिसतात.

दगडाचा दुसरा भाग पैशांचा आहे आणि कारकिर्दीपासून तो वेगळा काढता येत नाही, कारण पदाचा मान गावाला दिलेल्या देणगीतून दिसावा अशी अपेक्षा असे. मृत्युपत्राने बांधायच्या स्नानगृहांच्या सजावटीसाठी तीन लाख आणि देखभालीसाठी दोन लाख. आपल्या शंभर मुक्त केलेल्या गुलामांच्या पोषणासाठी १८,६६,६६६ सेस्टर्स, आणि त्या रकमेचे उत्पन्न त्यांच्या पश्चात गावातील सामान्य लोकांच्या वार्षिक भोजनासाठी. जिवंतपणीच गावातील मुलामुलींच्या पोषणासाठी पाच लाख. ग्रंथालय आणि त्याच्या देखभालीसाठी एक लाख. मुलांच्या पाच लाखांची व्यवस्था त्याने एका पत्रात समजावून सांगितली आहे. रोख रक्कम दिली तर गाव ती उधळेल, म्हणून त्याने बऱ्याच अधिक किमतीची स्वतःची जमीन गावाच्या नावे करून दिली आणि वर्षाला तीस हजार भाडे ठरवून ती परत आपल्याकडे घेतली. मुद्दल सुरक्षित, सहा टक्के उत्पन्न निश्चित, आणि जमीन पडीक राहण्याची भीती नाही. खजिन्यावर बसलेल्या माणसाचेच हे डोके.

बिथिनियातून तो परत आल्याची कोणतीही खूण नाही. दगडावर त्यानंतरचे पद नाही आणि पत्रव्यवहार मध्येच तुटतो. तुटण्यापूर्वीचे त्याचे शेवटचे पत्र प्रांताच्या कारभाराविषयी नाही. त्याची पत्नी कॅल्पर्निया हिचे आजोबा वारले. आत्याजवळ लगेच पोहोचता यावे म्हणून त्याने तिला सरकारी डाकेच्या गाड्यांचा परवाना दिला, जो केवळ शासकीय कामासाठी होता. विचारायला वेळ नव्हता, आपण समजून घ्याल या भरवशावर दिला, असे तो ट्रेजनला कळवतो. ट्रेजनचे दोन-तीन वाक्यांचे उत्तर आले की तुझा विश्वास योग्यच होता.